पॅड बदलले तरी मागचं चाक पुन्हा खरखरतंय? समुद्राकाठच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या ब्रेकविषयी

सकाळी गाडी अंगणातून बाहेर काढताना मागच्या चाकातून खर्र-खर्र आवाज येतो. दोन-तीन ब्रेक मारले की जातो, म्हणून आपण लक्ष देत नाही. महिन्याभराने तोच आवाज दिवसभर यायला लागतो. गॅरेजमध्ये नवीन पॅड बसतात, गाडी गप्प होते, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच आवाज त्याच चाकातून पुन्हा सुरू होतो.

माझ्या गाडीचं दोन पावसाळे हेच चाललं होतं. मालवणात आमचं छोटं घरगुती निवासस्थान आहे, समुद्र घराच्या मागच्या पडवीतून दिसतो. कुडाळ स्टेशनवरून पाहुण्यांना आणायचं आणि परत सोडायचं, हे गाडीचं मुख्य काम. धामापूरमार्गे एका बाजूला साधारण तीस किलोमीटर. पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली तेव्हा सगळे म्हणाले, "ब्रेकचा खर्च तर विसराच आता." पॅड झिजत नाहीत हे खरंच आहे. पण आपल्या किनाऱ्यावर या गाडीचे ब्रेक झिजून खराब होत नाहीत, वापराविना खराब होतात. हे मला दुसऱ्यांदा पॅड बदलल्यावर कळलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आवाजाच्या आधीची खूण

आवाजाच्या कितीतरी आधी एक गोष्ट बदलली होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर स्क्रीनवर होती. एका युनिटला साडेसात किलोमीटर जाणारी गाडी साडेसहावर आली होती. मी दोष एसीला दिला, पावसाला दिला, टायरच्या हवेला दिला. खरं कारण हे की एका चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता आणि मोटर सगळा वेळ त्याच्या विरुद्ध ओढत होती. त्यामुळे रस्ता तोच, माणसं तितकीच, आणि तरी युनिटमागे किलोमीटर कमी होत असतील, तर बॅटरीची काळजी करण्याआधी चाकं तपासा.

तपासणी सोपी आहे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, शेवटचा किलोमीटरभर ब्रेक जवळजवळ लावू नका, सपाट जागी थांबा आणि लगेच चारही चाकांचं तापमान बघा. करोनाच्या काळात घेतलेली ताप मोजायची बंदूक इथे कामाची नाही, ती अंगाच्या तापापुरतीच असते. गॅरेजमधली साधी इन्फ्रारेड बंदूक लागते. माझ्या तीन चाकांच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, ब्रेक मारला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात) पन्नासच्या आत होत्या आणि मागच्या डाव्या चाकाची एकशे तीस अंश. बंदूक नसेल तर हात रिमच्या जवळ नेऊन ऊब ताडून बघा, डिस्कला मात्र चुकूनही बोट लावू नका. एकच चाक गरम असेल तर रोग तिथेच आहे.

चाक उघडल्यावर काय दिसलं

पहिल्यांदा जिथे पॅड बदलले तिथे फक्त पॅडच बदलले होते. दुसऱ्या खेपेला मी आमच्या गावच्या मेस्त्रींकडे गेले आणि ते काम करत असताना शेजारी उभी राहिले. चाक निघालं. डिस्कच्या बाहेरच्या कडेला गंजाची जाड किनार होती, मध्ये एक बोटभर रुंद चकचकीत पट्टा, आणि बाकी सगळा भाग चिऱ्यासारखा लालसर, खडबडीत. म्हणजे पॅड डिस्कच्या फक्त तेवढ्याच पट्ट्याला टेकत होता.

मग पॅड बाहेर आले. बाहेरच्या पॅडवर सात-आठ मिलिमीटर माल शिल्लक, आतल्यावर जेमतेम दोन. मेस्त्रींनी दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून मला दाखवले.

"वयनी, पॅडचो दोष नाय ह्यो. पिन अडाकली हा. आणि गाडी ब्रेकच मारना नाय, मगे डिस्क गंजतली नाय तर काय होतला?"

कॅलिपर म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा, तो दोन पिनांवर डावीकडे-उजवीकडे सरकतो. पिस्टन आतला पॅड ढकलतो, आणि कॅलिपर सरकला की बाहेरचा पॅडही डिस्कला चिकटतो. पिन गंजून अडकली की कॅलिपर सरकत नाही, सगळं काम एकटा आतला पॅड करतो, आणि पाय काढल्यावरही तो नीट मागे येत नाही. आतला पॅड जास्त झिजलेला दिसला की पिन अडकल्याचा संशय घ्यायचाच. माझ्या पिनेवरचं रबरी बूट फाटलं होतं. त्यातून खारं पाणी आत गेलं, पिन तपकिरी झाली आणि पान्याने पिळून काढावी लागली.

नवीन पॅड त्याच अडकलेल्या पिनेवर बसवले तर दोन महिने बरे जातात. माझा आवाज परत परत येत होता तो याचमुळे.

पेट्रोल गाडीत हे का होत नव्हतं

तिथेही खारी हवा होतीच. पण तिथे दर वळणाला पाय ब्रेकवर जायचा आणि ओतीव लोखंडाची डिस्क दिवसातून शंभर वेळा घासून निघायची. डिस्कवर रात्रीत जो पातळ गंज येतो तो अशानेच जातो, तेवढ्याची चिंता करायचं कारण नाही. इलेक्ट्रिक गाडीत आपण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो आणि मोटर जनरेटर होते. चाकं मोटरला फिरवतात, वीज बॅटरीत जाते आणि गाडी हळू होते. यालाच आपण रीजन म्हणतो. रोजच्या सौम्य ब्रेकिंगचं बहुतेक काम तेच उरकतं आणि डिस्क-पॅडची गाठच पडत नाही.

मागच्या चाकांचं नशीब आणखी वाईट. मोटर पुढे असलेल्या गाडीत रीजन फक्त पुढच्या चाकांवर होतं. शिवाय ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, म्हणून मागच्या ब्रेकवर मुळातच कमी काम असतं. त्या कमीतूनही रीजनने वाटा उचलला की मागच्या डिस्कला जवळजवळ काहीच उरत नाही. मग तिच्यावर समुद्राचा खारेपणा, पावसाचं पाणी आणि लाल मातीचा थर बसत राहतो. फोक्सवॅगनने आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रम ब्रेक (बंद डब्याच्या आतून लायनर घासून लागणारा ब्रेक) दिले त्याचं एक कारण हेच: झाकलेल्या ड्रमला गंज कमी लागतो. मागे ड्रम म्हणजे गाडी स्वस्तातली, हा समज निदान आपल्या किनाऱ्यावर तरी सोडून द्यावा. पुढची गाडी घेताना मी मागे ड्रम आहेत का हे आधी विचारेन.

"रीजन शून्यावर ठेवा" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे

डिस्क घासून निघण्यासाठी मधूनमधून रीजन बंद करून ब्रेक मारा, असं सगळे सांगतात. मीही महिनाभर तसं केलं आणि गंज हलला नाही. कारण समजून घ्यायला गाड्यांचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात.

पहिल्या प्रकारात ब्रेकचं पेडल थेट ऑइलच्या ब्रेकशी, म्हणजे ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या नेहमीच्या ब्रेकशी, जोडलेलं असतं. रीजन मिळतं ते मुख्यतः ॲक्सिलरेटर सोडल्यावर. इथे रीजनची पातळी शून्य केली की पुढचा प्रत्येक ब्रेक डिस्कवरच लागतो आणि तो सल्ला लागू पडतो.

दुसऱ्या प्रकारात पेडल म्हणजे फक्त मागणी. तुम्ही किती दाबलं हे सेन्सर बघतो, कॉम्प्युटर मोटरला विचारतो "तू किती घेशील?", आणि मोटरला झेपणार नाही तेवढंच ऑइलच्या ब्रेककडे पाठवतो. असा मिश्र ब्रेक टोयोटाच्या प्रियसमध्ये 1997 सालीच होता, आता तो पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांत आहे. इथे स्क्रीनवरची शून्य पातळी फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावरचं रीजन बंद करते. ब्रेकवर पाय ठेवला की मोटर पुन्हा पुढे होते आणि डिस्क न घासताच राहते. माझी गाडी या प्रकारातली आहे.

आपली गाडी कुठली ते पाच मिनिटांत कळतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नसताना, पन्नासच्या वेगाला रीजन शून्यावर ठेवा आणि पेडल अगदी हलकं दाबा. शेजारच्या माणसाला पॉवरचा मीटर बघायला सांगा, आपण रस्ता बघा. काटा चार्जिंगच्या बाजूला गेला तर गाडी मिश्र ब्रेकवाली. बॅटरी मात्र तेव्हा साठ-सत्तर टक्क्यांवर असू द्या, भरलेल्या बॅटरीत काटा तसाही हलणार नाही.

मिश्र ब्रेकवाल्या गाडीत डिस्क घासायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पन्नास-साठच्या वेगावरून जरा जोरात, ठाम ब्रेक, कारण मोटरची मर्यादा ओलांडली की उरलेलं डिस्ककडे जातंच. दुसरा म्हणजे चालत्या गाडीत न्यूट्रल करून ब्रेक मारणं. न्यूट्रलमध्ये मोटर सुटी होते आणि सगळा भार डिस्कवर येतो. हे गाडीच्या पुस्तकात मनाई नसेल तरच, सपाट मोकळ्या रस्त्यावर, आणि घाटात कधीही नाही. मी आठवड्यातून दोनदा, पाहुण्यांना सोडून रिकामी परत येताना, पाच-सहा वेळा तसा ब्रेक मारते. पावसाळ्यात रोज.

दुरुस्ती करून घेताना

दोन्ही पिना काढून साफ करायच्या, खड्डे पडले असतील तर बदलायच्या. रबरी बूट नवीनच टाकायचं, पैसे किरकोळ लागतात. पिनेला लावायचं ग्रीस ब्रेकसाठीचं, सिलिकोनचं हवं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. हे समोर उभं राहून बघा, कारण हाताशी असतो तो बेअरिंगच्या ग्रीसचाच डबा.

डिस्कवरून नख फिरवून पाहा. खरखर लागली पण नख अडकलं नाही, तर नुसता वरवरचा गंज आहे, ठाम ब्रेकिंगने जाईल. नख खड्ड्यात अडकत असेल तर लेथवर घासून घ्यावी लागेल, आणि घासल्यावर जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान मापापेक्षा कमी होत असेल तर डिस्क बदलायची, आणि ती जोडीनेच. माझी दुसऱ्या अवस्थेत होती. घासून वाचली.

घाटात "ब्रेक बदलल्यासारखा वाटतो"

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. पर्यटक विचारतात आणि गाववालेही. आंबोलीला मुक्काम, रात्रभर गाडी चार्जिंगला, सकाळी शंभर टक्के भरलेली बघून समाधान, आणि घाट सुरू झाल्यावर पाय उचलला तरी गाडी आवरतच नाही. रीजनचा मीटर मेलेला. मग पाय सतत ब्रेकवर, आणि दाणोली यायच्या आत जळका वास.

बिघाड काहीच नसतो. भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रीजन कमी करते किंवा बंद करते, आणि सगळी ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. ती किती असते ते एकदा मांडून बघा. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. माणसांसकट 1600 किलोची गाडी 600 मीटर खाली आली तर जवळजवळ 2.6 युनिट ऊर्जा सुटते. रस्ता आणि वारा त्यातला थोडा भाग खातात हे खरं, पण तेवढ्या ऊर्जेत बत्तीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. आपली न्हाणीघरातली चूल आठवा आणि तेवढी आग त्या चार डिस्कांवर कल्पून बघा.

मोटरला मात्र हे काम सहज झेपणारं आहे. सात टक्के उतारावर तीस-पस्तीसच्या वेगाने गाडी रोखून धरायला साधारण दहा किलोवॅट पुरतात. अडचण फक्त जागेची. म्हणून घाटमाथ्यावर चार्जिंग पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबवा. तीस युनिटच्या बॅटरीत उतारावर पाचेक टक्के भर पडते, ती मावते आणि घाटभर मोटर धरून ठेवते. आंबा, कुंभार्ली, गगनबावडा, सगळीकडे हाच हिशोब. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीवाल्यांना ठराविक दिवसांनी शंभर टक्के भरायला सांगितलेलं असतं. ते जरूर करा, पण खाली उतरून घरी आल्यावर.

आपल्या कोकण रेल्वेला ही अडचण येत नाही. 2022 साली सगळा मार्ग विजेवर आला, आणि डब्ल्यूएपी-7सारखी इंजिनं ब्रेक मारताना तयार झालेली वीज वरच्या तारेत परत देतात. त्यांच्या डोक्यावर तार आहे, आपल्याकडे फक्त बॅटरी.

शंभर टक्क्यांवरच निघावं लागलं तर पहिल्या वळणाआधीच वेग तीसवर आणा. पाय ब्रेकवर टेकवून ठेवू नका. ठाम ब्रेक मारून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा, पुन्हा वाढला की पुन्हा तसंच. मध्ये धबधब्यापाशी थांबता येतं, थांबा. फक्त गरम डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होईल किंवा तडकेल.

ब्रेक ऑइल

पॅड झिजत नाहीत म्हणून ऑइलही बदलत नाहीत असे कितीतरी जण मी पाहिले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ब्रेक वापरा किंवा नका वापरू. डॉट 4 या दर्जाचं नवीन ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हाच आकडा 155पर्यंत खाली येतो. वर सांगितलेल्या घाटात ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदलाच, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत.

थांबता थांबता हिसका, आणि पावसात गाडी पुढे सुटल्यासारखी

दहाच्या आसपास वेग आला की मोटरकडून फारसं रीजन मिळत नाही, त्या क्षणी काम ऑइलच्या ब्रेककडे जातं. ही अदलाबदल बहुतेक गाड्यांत जाणवत नाही. पण डिस्कवर गंज असेल तर ऑइलचा ब्रेक मोटरइतका अचूक लागत नाही, एकदम पकडतो किंवा उशिरा पकडतो. म्हणून हिसका नव्यानेच सुरू झाला असेल तर कॉम्प्युटरचा दोष शोधण्याआधी डिस्क घासून बघा. माझा हिसका तसाच गेला.

पावसातला प्रकार वेगळा. ओल्या लाल मातीवर, मोरीच्या लोखंडी जाळीवर किंवा गतिरोधकावर चाक क्षणभर घसरलं की गाडी रीजन तोडते आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ऑइलच्या ब्रेकवर काम चालवतं. त्या अर्ध्या क्षणात गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते आणि नवशिका घाबरून पाय उचलतो. पाय उचलू नका, दाबून धरा. पावसाळ्यात रीजनची पातळी एक पायरी खाली ठेवली की हा प्रसंगच कमी येतो. स्कूटरवाल्यांनी तर नक्की ठेवावी, कारण तिथे रीजन एकट्या मागच्या चाकावर असतं आणि शेवाळलेल्या रस्त्यावर ते चाक सरकायला वेळ लागत नाही.

गाडी लावताना

पावसातून किंवा तारकर्लीच्या वाळूतून आलात की चाकं गोड्या पाण्याने धुवा, पण धुऊन लगेच लावू नका. डिस्क निवलेली असताना धुवा, मग पाखाडीपर्यंत एक फेरी मारा आणि तीन-चार ठाम ब्रेक लावून ती सुकवा. ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस उभी राहिली तर पॅड डिस्कला गंजाने चिकटतात. ड्रम असेल तर लायनर चिकटतात, आणि सकाळी "टक्" असा आवाज येऊन चाक सुटतं. आम्ही गणपतीत आठवडाभर गाडी हलवत नाही. तेव्हा ती सपाट अंगणात पी वर ठेवते, हँडब्रेक सोडते आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे तुकडे लावते. हँडब्रेक बटणाचा असेल तर पुष्कळ गाड्यांत तो आपोआप लागतो, तो आपोआप न लागू देण्याची रीत पुस्तकात दिलेली असते.

पिना साफ होऊन आता चौदा महिने झाले, मध्ये एक पूर्ण पावसाळा गेला. गेल्या आठवड्यात चाक काढून पाहिलं तर डिस्क कडेपर्यंत चकचकीत होती, आतला-बाहेरचा पॅड सारखा होता, आणि गाडी पुन्हा युनिटला साडेसातवर आली आहे.